कथेची जबानी घेणाऱ्यांना

मुसलमान लेखकाची मराठी कथा छापून आली की दोन प्रकारचे वाचक तिच्यावर तुटून पडतात. पहिल्यांना 'मुस्लिम समाजाचे दर्शन' हवे असते. तलाक किती, बुरखे किती, मुले किती, याची खानेसुमारी करून ते कथा बाजूला ठेवतात. दुसरे आपलेच. पात्राने शिवी दिली की ती लेखकाने दिली, पात्राची नमाज चुकली की लेखक बेदीन झाला, असा त्यांचा हिशेब. पहिल्यांविरुद्ध आपण संमेलनांतून भरपूर बोललो. दुसऱ्यांबाबत गप्प राहिलो, कारण ते घरचे. आज आम्हाला त्यांच्याशीच भांडायचे आहे.

इस्मत चुगताईंची 'लिहाफ' १९४२ साली प्रसिद्ध झाली आणि लाहोरच्या कोर्टात तिच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. अश्लील शब्द नेमका कोणता, हे दाखवताना फिर्यादी पक्षाची पंचाईत झाली. होणारच! कथा सांगते ती बाई आपले लहानपण आठवते आहे, आणि त्या लहान मुलीला दिसली ती फक्त भिंतीवर हत्तीसारखी डुलणारी रजईची सावली. मुलीला कळत नाही, वाचकाला कळते. या दोघांमधल्या अंतरातच कथा घडते. निवेदक कोण आणि त्याला किती ठाऊक आहे, एवढे न विचारता वाचणारा माणूस शब्द हुडकत बसतो. नवाबाने लग्न करून सामानासारखी घरात ठेवून दिलेली बेगमजान त्या गदारोळात कुणाला दिसलीच नाही.

मंटोंचेही तेच. 'टोबा टेकसिंग'मध्ये फाळणीनंतर दोन सरकारे वेड्यांची वाटणी करतात. मंटो हे सरकारी खलित्याच्या कोरड्या सुरात सांगतात. रडत नाहीत, कुणाला शिव्या देत नाहीत. तो कोरडेपणा हाच उपरोध. तो ज्याला ऐकू येत नाही त्याला ही वेड्यांची थट्टा वाटेल. पंधरा वर्षे उभा राहिलेला बिशनसिंग शेवटी दोन्ही देशांच्या तारांमधल्या बेनाव जमिनीवर कोसळतो. ती जमीन म्हणजे काय, हे लेखकाने समजावून सांगायला हवे होते का?

प्रेमचंदांच्या 'ईदगाह'ची (१९३३) तर आपण शाळेत पार मातीच केली. तात्पर्य : आजीवर प्रेम करा. अहो, तीन पैशांचा तो चिमटा घेऊन हामिद आधी दोस्तांशी हुज्जत घालतो, त्यांचे मातीचे शिपाई, भिश्ती, वकील तोंडाने हरवतो. गरिबाचे पोर बोलून जिंकते! आणि शेवटी पोर म्हाताऱ्यासारखे नि म्हातारी पोरासारखी होते. ही उलटापालट नीट पाहिली तर दारिद्र्य त्या पोराचे काय हिरावून नेते ते कळेल. तात्पर्यात ते सापडत नाही.

(बोलीचेही असेच. आपल्या पात्राच्या तोंडची दखनी ऐकून बाहेरचे वाचक हसतात, सिनेमाने त्यांना तशी सवय लावली आहे. आणि आपले सुशिक्षित म्हणतात, शुद्ध उर्दू नाही तर निदान शुद्ध मराठी तरी लिहा! मग ते पात्र कोणत्या मोहल्ल्यातले, हे कळणार कसे?)

आपल्या वाचकांची एक भीती आम्ही समजू शकतो. १९९२-९३ पाहिलेल्या, २००२ पाहिलेल्या समाजाला वाटते, आरोप आधीच इतके, त्यात आपल्याच माणसाने भर का घालावी? ही भीती खोटी नाही. पण तिचा परिणाम पाहा. जिने सासरच्या माडीवरची एक दुपार लिहायची, ती बचतगटावर लेख लिहून पाठवते. कथेतला मौलवी एक तर फरिश्ता होतो, नाही तर कथेतून गायबच. नायक इतका नेक की त्याला बोलायला काही उरत नाही. अशी कथा बाहेरचाही वाचत नाही, घरचाही नाही.

तेव्हा लेखकाच्या दारात जाब विचारायला जाण्यापूर्वी कथा पुन्हा एकदा उघडावी. बोलतो आहे कोण, ते पाहावे. तो खरे सांगतो आहे की स्वतःला वाचवतो आहे, तेही पाहावे. एवढे करूनही राग उरलाच, तर तो लिहून पाठवावा. पुढच्या अंकात आम्ही छापू.