पोलिओ गेला, पावलं मात्र पाहायची राहिली

एकेकाळी आपल्या खानदेशात पोर लंगडताना दिसलं की गाव लगेच म्हणायचं, पोलिओ! २०१४ साली भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पण पावलं वाकडी होत जाणारी मुलं काही संपलेली नाहीत.

त्यातल्या काहींना मज्जातंतूंचा आनुवंशिक आजार असतो. शार्को, मारी आणि टूथ या डॉक्टरांनी १८८६ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला तिघांचं नाव. दाताशी काही संबंध नाही! साधारण अडीच हजारांत एकाला तो असतो, असा अंदाज नेहमी दिला जातो. २०११ च्या जनगणनेत जळगाव आणि धुळे जिल्हे मिळून सुमारे ६३ लाख लोक. तोच हिशेब लावला तर आपल्याकडेच अडीच हजार माणसं होतात. ती कुणाला माहीत आहेत?

पावलांपर्यंत जाणारे मज्जातंतू सगळ्यांत लांब, म्हणून आधी तेच दुबळे पडतात. पाऊल नीट उचललं जात नाही, घोटा वारंवार मुरगळतो, तळव्याची कमान उंच होते, बोटं आकड्यासारखी वळतात. लहान वयात मात्र हेच पाऊल सपाटही असू शकतं. म्हणजे एकदा पाहून भागत नाही, तेच मूल वर्षानुवर्षं पाहावं लागतं. सिडनीच्या जोशुआ बर्न्स यांनी सहकाऱ्यांबरोबर नेमकं हेच केलं. ६ ते १७ वयाच्या ६० मुलांचा त्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांकडून सहा महिने, आठवड्यातून तीनदा, पाऊल वर उचलण्याचा व्यायाम वजन वाढवत करून घेतला. दोन वर्षांनी त्यांची ताकद इतरांपेक्षा कमी घटलेली दिसली. आजार बरा झाला नाही, पण वेळ हाती लागला.

हा वेळ आपल्या मुलांना कोण देणार? माझ्या मते, शाळा. पीटीच्या तासाला मुलांना दहा पावलं टाचांवर चालायला सांगा. ओल्या पायाचा ठसा फरशीवर पाहा. टाच आणि चवडाच उमटला, मधला भाग कोराच राहिला, तर वहीत नोंद करा आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाहा. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं की ती वही पुढे ठेवा. उंच कमान म्हणजे आजारच, असं मुळीच नाही. ते ठरवणं डॉक्टरांचं काम. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

काही जण म्हणतील, नाव पडलं तर मुलीचं लग्न कसं जमेल? भीती खरी आहे. म्हणून वही चारचौघांत वाचायची नाही, आईबापांना बाजूला बोलावून सांगायचं. पण झाकून ठेवल्यानं पाऊल सरळ होत नाही. उलट रोज पडणाऱ्या त्या पोराला "वेंधळा" हे नाव आधीच पडलेलं असतं, आणि ते पुसायला कुणी येत नाही.

मास्तरांनो, मुलांची अक्षरं आपण सुधारतोच. जरा पावलांकडेही बघा.