काला हवा की कर्णा?

कार्तिक उजाडला की तेरेखोल खाडीच्या दोन्ही तीरांवर जत्रांचे दिवस सुरू होतात आणि त्यांच्या पाठोपाठ एक तक्रारही दरसाल नव्याने सुरू होते. रात्री दहानंतर कर्णा लावू देत नाहीत, म्हणून दशावतार बुडाला, जत्रेची रात्र बुडाली, किंबहुना धर्मच बुडाला, असे हे गाऱ्हाणे आहे. महाजनांच्या सभेत ते घातले जाते, देवळाच्या चौकात ते पुन्हा उगाळले जाते, आणि कोर्टाच्या नावाने बोटे मोडून सभा विसर्जित होते. आमचे मत याच्या उलट आहे. दशावताराचा वैरी कायदा नव्हे. वैरी कोणी असेलच तर तो आम्हीच हौसेने देवळाच्या अंगणात आणून बसविलेला कर्णा होय.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. कारण ज्याला शिव्या द्यावयाच्या तो निदान वाचलेला असावा. ध्वनिप्रदूषणाविषयीचे नियम केंद्र सरकारने 2000 साली केले. त्यांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात बंदिस्त जागा सोडून अन्यत्र ध्वनिक्षेपक लावता येत नाही. उत्सवप्रसंगी राज्य सरकार वर्षातून अधिकात अधिक 15 दिवस सवलत देऊ शकते, पण तीही मध्यरात्री बारापर्यंतच. सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली या नियमांवर शिक्कामोर्तब केले. त्या निकालामागील हकीकत आमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार होत असताना तिचा आक्रोश शेजारच्या कर्ण्याच्या गोंगाटात बुडून गेला. पुढे त्या मुलीने स्वतःला जाळून घेतले. ज्या कायद्यामागे असा आक्रोश उभा आहे, त्याला धर्मद्रोही म्हणण्यापूर्वी जीभ थोडी आवरावी.

आता दशावताराकडे वळू. नाटक म्हणजे केवळ रंग लावलेला नट नव्हे. 1746 साली तेरेखोलचा किल्ला आणि 1788 साली पेडणे महाल पोर्तुगीजांकडे गेला. सावंतवाडीशी असलेली राज्याची नाळ तुटली, पण कलेची तुटली नाही. मोचेमाडकर, आजगावकर, खानोलकर, वालावलकर ही मंडळांची नावे म्हणजे पलीकडच्या तीरावरील गावांचीच नावे. आणि पार्सेकर म्हटले की आमच्या पेडण्यातील पार्से डोळ्यांपुढे येते. देवस्थानाने बोलवावे, मंडळाने गणपतीसह पेटारा घेऊन यावे, नटांनी स्वतःच्या हातांनी तोंडे रंगवावी, पालखी फिरून आल्यावर मध्यरात्रीच्या सुमारास नमन व्हावे, संकासुराने मालवणी बोलीत गावाची थट्टा करावी, मग आख्यान लागावे आणि पहाटे दहीहंडी फुटून काला व्हावा. धयकालो हे नावच मुळी या शेवटच्या प्रसादावरून पडले. लिहिलेली संहिता नाही, नेपथ्य म्हणजे एक बाकडे आणि मागे पडदा. महाजन, मानकरी, नट, पखवाजवादक, पुढ्यात बसलेली म्हातारी माणसे आणि पेंगुळलेली मुले अशी ही एक साखळी आहे. तिच्यातील निर्जीव कड्याही मुक्या नाहीत. गॅसबत्तीचा उजेड जेवढा पडेल तेवढीच रंगभूमी, आणि नटाचा आवाज जेथवर पोहोचेल तेथवरच प्रेक्षागृह!

या साखळीत कर्णा शिरला तो सेवक म्हणून. आज तो यजमान होऊन बसला आहे. ज्या नटाने रंगभूमीभर संचार करावा, तो टांगलेल्या मायक्रोफोनखाली खिळून उभा राहतो. पखवाज बोलत नाही, गर्जतो. पूर्वी ऐकण्यासाठी जवळ बसावे लागे, म्हणून गाव एकत्र बसे. आता खाजे-भजी घेता घेता, किंबहुना घरी अंथरुणावर पडूनही, राजाचे भाषण कानावर आदळते, मग जवळ बसावे कोणी? संहितेवाचून चालणारे हे नाटक प्रेक्षकाच्या हुंकारावर, हशावर, निःशब्दतेवर क्षणोक्षणी घडत असते. कर्ण्याला तोंड आहे, कान नाही. जो केवळ बोलतो आणि ऐकत नाही, तो संवादाचा शत्रूच असावयाचा.

यावर कोणी म्हणेल की, हजारोंचा समुदाय जमल्यावर कर्ण्यावाचून ऐकू कसे जाणार? भरतमुनींपुढे हाच प्रश्न होता. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात त्यांनी माणसांसाठी चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद असे मध्यम नाट्यगृह सांगितले. त्याहून मोठे केल्यास पाठ्य अस्पष्ट होते आणि मुखावरील भाव दिसत नाहीत, हे त्याचे कारण. ग्रीसमधील एपिडॉरस येथील प्राचीन प्रेक्षागार हजारोंचे. तेथेही उत्तर शोधले ते बैठकीच्या उतारात आणि दगडाच्या रचनेत. दोघांनीही जागेला आवाजाच्या मापाने बेतले. आम्ही मात्र जागा, गर्दी, दुकाने, जनित्र यांना मोकळे सोडतो आणि आवाजालाच त्यांच्या मापाने फुगवितो.

दुसरा आक्षेप नटांच्या गळ्याचा. तो खरा आहे आणि वजनदारही आहे. हंगामभर रात्रीमागून रात्री उभे राहणाऱ्या माणसाचा गळा लोखंडाचा नसतो. पण गळ्याची काळजी खरोखर असेल, तर रंगभूमीमागे भिंत येईल असे पाहावे, दुकाने आणि जनित्र लांब न्यावे, पुढ्यात शांतता राखावी, आणि बिदागी अशी द्यावी की नटाला प्रत्येक रात्र विकावी लागू नये. कर्ण्याच्या भाड्याला कधी ना न म्हणणारे हात नटाच्या बिदागीपाशी आखडतात, आणि वर गळ्याची कणव सांगतात!

मग कायदा निर्दोष आहे काय? नाही. 2010 सालच्या दुरुस्तीने त्याने एक मोठी चूक केली. ध्वनिक्षेपकाच्या पंक्तीला वाद्यही आणून बसविले. त्या शब्दांप्रमाणे उघड्या अंगणात रात्री पखवाज आणि झांज वाजविणे हेही निषिद्ध. बंदिस्त सभागृहात मात्र कर्ण्यालाही मोकळीक! ज्या शहरात वातानुकूलित नाट्यगृह आहे त्याला रात्र मोकळी आणि ज्या गावाचे नाट्यगृह म्हणजे देवळाचे अंगण त्याची रात्र बंद, हा न्याय नव्हे. शिवाय 15 दिवस राज्य सरकारने आगाऊ जाहीर करावयाचे. आमच्या जत्रा तर गावोगाव वेगवेगळ्या तिथींना. आणि बारा वाजता सवलत संपते, तेव्हा आमचे नमन सुरू होत असते.

तेव्हा भांडावयाचे असेल तर या मुद्द्यावर भांडावे. विजेच्या साहाय्यावाचून वाजणारे वाद्य आणि परंपरेने रात्रभर चालणारे खेळ यांना नियमात स्वतंत्र स्थान मिळावे, अशी मागणी देवस्थानांनी एकत्र येऊन केंद्र सरकारकडे करावी. ती केवळ आपल्या देवळांपुरती मागू नये. कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही गावाच्या परंपरेला ती लागू असावी, म्हणजे तिला न्यायाचे बळ येईल. परंतु न्याय मागणाऱ्याने स्वच्छ हातांनी यावे, हे आमच्या शास्त्रातील जुने वचन आहे. मोरजी-आश्वे किनाऱ्यावर रात्री उशिरापर्यंत संगीत धडधडते, तेव्हा पेडण्यातील माणसे याच नियमांचा आधार घेतात आणि योग्यच करतात. जो नियम किनाऱ्यावर आपली ढाल आहे, तोच देवळात आला की बेडी कसा होतो? देवाच्या नावाने कर्णा मागणाऱ्याला, पैशाच्या नावाने कर्णा मागणाऱ्यापुढे तोंड उघडण्याचा अधिकार उरत नाही.

आणि हा हट्ट असाच चालला तर काय होईल? कर्ण्यावाचून खेळ नाही असे आम्हीच म्हणू लागलो, तर कर्णा दहाला बंद होईल तेव्हा खेळही दहालाच संपेल. संध्याकाळी सातला नमन उरकावयाचे, आख्यान दोन तासांत कोंबावयाचे, मध्ये दोन-चार ट्रिकसीन, आणि सर्वांनी घरी जाऊन झोपावयाचे. काल्याची पहाट त्यात बसणार नाही. ती कायद्याने नेली असे आम्ही मुलांना सांगू, आणि ते असत्य असेल.

पेडणे-डिचोलीच्या महाजनांना आमची विनंती एवढीच आहे की, पुढील जत्रेचा खर्च मंजूर करताना कर्ण्याची रक्कम नटांच्या बिदागीत घालावी आणि ठराव लिहून ठेवावा. नियमाच्या दुरुस्तीचा अर्ज त्या ठरावाच्या प्रतीसह जाऊ द्या. मग त्याचे वजन पाहा. हाती असा ठराव असलेल्या देवस्थानाचा अर्ज आम्ही एक पैसा न घेता लिहून देऊ. कर्ण्याची सनद मागणाऱ्याने मात्र दुसरा वकील पाहावा.