छापखान्यातल्या हवेचा हिशेब

‘झाडे वाचवा’ असा संदेश कागदावरच छापण्याची आता पद्धत पडली आहे. लग्नपत्रिकेच्या तळाशी, कंपन्यांच्या वार्षिक अहवालांवर, शाळांच्या माहितीपत्रकांवर तो हमखास दिसतो. कागदाचा विचार व्हायलाच हवा, कारण छपाईच्या पर्यावरणीय भारातला मोठा वाटा कागदाचाच असतो. पण हा हिशेब झाडांपाशीच थांबला तर तो अर्धवट राहतो. शाई, ती पुसणारी द्रावणे आणि त्या द्रावणांची वाफ दिवसभर श्वासावाटे घेणारा कामगार यांचाही त्यात समावेश व्हायला हवा.

याचा धडा जपानने दिला. ओसाका शहरातील एका ऑफसेट छापखान्यातल्या कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग झाल्याचे 2012 मध्ये उघडकीस आले. हा आजार मुळात दुर्मीळ आणि तोही सहसा उतारवयातला. इथले रुग्ण मात्र 25 ते 45 या वयातले होते आणि पुढे त्यांची संख्या 17 वर गेली. या छापखान्यात नमुना-छपाई चाले. त्यामुळे रंग सतत बदलत आणि यंत्रावरचे रबरी ब्लँकेट दिवसातून शेकडो वेळा पुसावे लागे. पुसण्यासाठी वापरलेल्या द्रावणात 1,2-डायक्लोरोप्रोपेन हे रसायन होते. खोलीतली बरीचशी हवा थंड करून पुन्हा आतच सोडली जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2014 मध्ये या रसायनाला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले.

या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब वेगळीच आहे. त्या काळी हे रसायन जपानच्या नियंत्रित द्रावकांच्या यादीत नव्हते. यादीत नाही म्हणून ते निर्धोक मानले गेले. ज्याचा अभ्यास झालेला नाही आणि ज्याच्यापासून धोका नाही, या दोन गोष्टी एक नव्हेत. ‘हरित’ पर्याय निवडतानाही हाच निकष लावायला हवा.

आपल्याकडच्या शहरांतल्या गल्लीबोळांतले छापखाने त्या खोलीपेक्षा फार वेगळे नसतात. तळमजल्यावरचा किंवा पोटमाळ्याखालचा गाळा, एक-दोन ऑफसेट यंत्रे, बंद खिडकी आणि रोलर-ब्लँकेट पुसायला केरोसीन, पेट्रोल किंवा थिनर. पेट्रोलमध्ये बेंझीन असते आणि बेंझीनचा रक्ताच्या कर्करोगाशी असलेला संबंध सिद्ध झालेला आहे. काही द्रावकांतल्या हेक्झेनमुळे हातापायांच्या नसा निकामी होतात. आधी मुंग्या येतात, मग बोटांतली पकड सुटू लागते. प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्यात आयसोप्रोपाइल अल्कोहोल मिसळतात, तेही हवेत उडते. डोकेदुखी, गरगरणे, हातांना भेगा ही नित्याची लक्षणे ‘कामाचा त्रास’ म्हणून सोडून दिली जातात. हीच वाफ बाहेर पडली की उन्हात वाहनांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडशी मिळून जमिनीलगत ओझोन तयार करते आणि शहरातल्या दमेकऱ्यांचा त्रास वाढतो. म्हणजे कामगाराचे फुफ्फुस आणि शहराची हवा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

शाईचेही तसेच. वृत्तपत्राची शाई परंपरेने खनिज तेलात घोटलेली असते. ती वाळत नाही, कागदात मुरते. म्हणूनच सकाळी पेपर वाचताना बोटे काळी होतात. त्याच कागदात गरम भजी किंवा वडा बांधला की तळणीचे तेल शाईतले घटक ओढून घेते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्ये याबाबत इशारा दिला, 2018 च्या वेष्टन नियमांत वृत्तपत्राच्या कागदात अन्न बांधण्यास मनाई केली आणि 2023 मध्ये पुन्हा बजावले. तरी गाडीवरचा कागद अजून तोच आहे. हे तेल रद्दीतूनही सुटत नाही. रद्दीपासून बनलेल्या पुठ्ठ्यातून ते आतल्या धान्यात उतरते, हे युरोपातल्या अन्नपरीक्षकांनी दाखवून दिले आहे.

पर्याय आहेत आणि ते आजचे नाहीत. 1970 च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर अमेरिकी वृत्तपत्रांनी सोयाबीन तेलावर आधारित शाईचा शोध सुरू केला आणि 1987 मध्ये आयोवा राज्यातल्या ‘द गॅझेट’ या दैनिकाने ती छपाईत वापरली. रंगीत शाईत ती लवकर रुळली. काळी शाई महाग पडत असल्याने तिथे वेळ लागला. अतिनील किरणांनी क्षणात सुकणाऱ्या शाईत द्रावक जवळजवळ नसतो. मात्र तिच्यातल्या ॲक्रिलेटमुळे त्वचेला ॲलर्जी होऊ शकते आणि रद्दीतून ती काढणेही अवघड जाते. प्रत्येक पर्यायाची किंमत कुठेतरी मोजावी लागते. ती कोण मोजतो, एवढे पाहिले पाहिजे.

छोट्या छापखान्याला सगळी यंत्रे बदलणे परवडणार नाही, हे मान्य. पण सर्वांत उपयोगी उपाय महाग नाहीत. पेट्रोल-थिनरऐवजी वनस्पतिजन्य, सावकाश उडणारे द्रावण वापरणे. द्रावणाचे डबे आणि भिजलेली फडकी झाकणाच्या डब्यात ठेवणे. यंत्राजवळची हवा थेट बाहेर फेकणारा पंखा बसवणे. रसायन आत झिरपू न देणारे हातमोजे देणे. ही फडकी आणि उरलेली शाई गटारात किंवा ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता घातक कचरा म्हणून वेगळी देणे. फिल्मशिवाय थेट प्लेट बनवण्याच्या तंत्राने विकासक रसायने आणि फिल्ममधली चांदी सांडपाण्यात जाणे पुष्कळ थांबले. ते तंत्र छोट्यांना सामायिक केंद्रांतून मिळू शकते.

छापून घेणाऱ्याचीही जबाबदारी आहे. हजाराच्या जागी सहाशे पत्रिका पुरत असतील तर सहाशेच छापाव्यात. मुखपृष्ठावरचे प्लास्टिक लॅमिनेशन कागदाचा पुनर्वापर अवघड करते, ते टाळता येते. चार दिवसांच्या शुभेच्छांसाठी पीव्हीसीचा फ्लेक्स लावायचा आणि मग तो कचऱ्यात जळताना विषारी धूर सोसायचा, हा व्यवहार तोट्याचा आहे. सरकारी निविदांत आज फक्त सर्वांत कमी दर पाहिला जातो. पाठ्यपुस्तकांपासून मतपत्रिकांपर्यंत प्रचंड छपाई सरकारच करून घेते. निविदेत शाई आणि द्रावणाच्या प्रकाराची एक अट घातली, तर बाजार आपोआप बदलेल.

आणि वैद्यकानेही आपला वाटा उचलायला हवा. एके काळी खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांना शिशाची बाधा होई. शिशाचे खिळे गेले, तसा छापखाना हा आजाराचा पत्ताही डॉक्टरांच्या विस्मरणात गेला. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात हातापायांना मुंग्या येतात म्हणून आलेल्या माणसाला मधुमेह आहे का, दारू घेता का, हे विचारले जाते. ‘काम काय करता आणि यंत्र कशाने पुसता?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ओसाकातले 17 रुग्ण एकाच ठिकाणी काम करतात, हे कोणाच्या तरी लक्षात आले म्हणून त्या आजाराचे कारण सापडले. केसपेपरवर व्यवसायाचा रकाना असतोच. तो प्रत्येक वेळी नीट भरला गेला पाहिजे.