दोन्ही शाळा ख्रिस्ती. अभ्यासक्रम मात्र भिन्न

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की अनेक कॅथलिक कुटुंबांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला ख्रिस्ती शाळेत घालावे, याविषयी घरात बहुधा एकमत असते. पेच त्यापुढचा असतो. एका ख्रिस्ती शाळेत राज्य मंडळाचा अभ्यासक्रम, तर दुसरीत आयसीएसईचा. मग कोणती निवडावी?

पुण्याच्या लष्कर भागात ही दोन्ही उदाहरणे पाहावयास मिळतात. १८६४ साली स्थापन झालेले द बिशप्स स्कूल अँग्लिकन परंपरेतील असून तेथे आयसीएसई आहे. १८६७ साली सुरू झालेले सेंट व्हिन्सेंट्स हायस्कूल येशूसंघीयांचे. तेथील मुले राज्य मंडळाच्या दहावीला बसतात. 'ख्रिस्ती शाळा' या एका शब्दात किती भिन्नता सामावते, हे येथेच ध्यानी येते.

केंब्रिजच्या परीक्षेला भारतीय पर्याय म्हणून १९५८ साली स्थापन झालेल्या कौन्सिलतर्फे आयसीएसई घेतली जाते. माध्यम केवळ इंग्रजी. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांच्या स्वतंत्र प्रश्नपत्रिका, शिवाय इंग्रजी साहित्याचा सखोल अभ्यास. राज्य मंडळात विज्ञानाचे दोनच भाग. अभ्यासाचा भार कोठे अधिक, हे सांगावयास नको. पण संध्याकाळी तो भार मुलासोबत कोण उचलणार? आईवडील मराठी माध्यमात शिकलेले असतील, तर शिकवणीचा खर्च शुल्कात धरूनच हिशेब मांडावा.

गुणांच्या तुलनेची धास्ती जुनीच आहे. अकरावीच्या प्रवेशात राज्य मंडळाची मुले मागे पडतात म्हणून शासनाने २००९ मध्ये ९०:१० चे सूत्र आणले; मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द ठरविले. पुढल्या वर्षी 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आले व सर्वोच्च न्यायालयात टिकले. नियम असे बदलत असताना दहा वर्षांनंतरच्या प्रवेशाकडे पाहून पहिलीतील बालकाची शाळा ठरविणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

जुन्नर तालुक्यातील पिंपळवंडीसारख्या गावी राहणाऱ्या कुटुंबापुढे तर प्रश्नच निराळा. पुण्याला रोज जाणेयेणे लहान मुलाला झेपणारे नाही. म्हणजे वसतिगृह, नातलगांचे घर किंवा संपूर्ण कुटुंबाचे स्थलांतर. अभ्यासक्रमाची निवड येथे लेकराला घरापासून दूर ठेवण्याची निवड होऊन बसते. शिवनेरीच्या परिसरात वाढणारे आणि आजीबरोबर मराठीतून जपमाळ म्हणणारे मूल सहाव्या वर्षी शहरात गेले, तर ती प्रार्थना त्याच्या ओठी किती काळ टिकेल? २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, ही चांगली गोष्ट. तथापि तासिकेतील मराठी आणि घरातील मराठी यांत अंतर आहे.

ख्रिस्तसभेने या बाबतीत पालकांना मोकळीक दिली आहे, तशीच जबाबदारीही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात आईवडिलांना मुलांचे आद्य शिक्षक म्हटले. कॅथलिक शाळा शक्य नसेल, तर शाळेबाहेर कॅथलिक शिक्षणाची तजवीज करणे हे पालकांचे कर्तव्य असल्याचे कॅनन कायद्याचे ७९८ वे कलम सांगते. तेव्हा गावाजवळच्या साध्या शाळेत शिकून मूल रविवारी नियमाने धर्मशिक्षणाला येत असेल, तर पालकांनी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. लांबच्या नामांकित शाळेत प्रथम कम्युनियनची तयारी कोण करून घेणार, याची चौकशी मात्र आधीच करावी. अँग्लिकन शाळेकडून ती अपेक्षा धरता येणार नाही.

माझे मत विचाराल, तर प्राथमिक वर्षे घराजवळ काढावीत. पुढे मुलाची ओढ पाहून आयसीएसईचा विचार करावयाचा असेल, तर सहावी-सातवीपर्यंत निर्णय घ्यावा. दहावीच्या परीक्षेसाठी त्या मंडळाची नोंदणी नववीतच होते. त्यानंतर मंडळ बदलणे फार अवघड जाते.