बगदादचा फोड आणि हिंजवडी

नाशिकमधून इंजिनिअर झालेल्या आपल्या मुलांना नोकरी म्हटलं की हिंजवडी आठवते. तिथल्या आयटी-बीटी पार्कमधल्या ‘बीटी’कडे, म्हणजे बायोटेककडे, मात्र कुणाचं लक्ष जात नाही. तिथेच जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स ही कंपनी आहे. लेशमॅनिया या परजीवीविरुद्धच्या लसीवर तिने काम केलं आहे.

हा परजीवी वाळूमाशीच्या चाव्यातून शरीरात शिरतो. फोड येतो, चिघळतो, महिनोन्‌महिने राहतो. व्रण तर जन्मभराचा. बगदादचा फोड, अलेप्पोचा फोड, दिल्लीचा फोड ही त्याची जुनी नावं. बिकानेरकडे तो आजही आढळतो. जगात वर्षाला ६ ते १० लाख नवे रुग्ण, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. माणसांसाठी मान्यताप्राप्त लस एकही नाही.

एकदा बरा झालेला फोड सहसा पुन्हा होत नाही, हे पश्चिम आशियातल्या आयांना प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी कळलं होतं. चेहरा विद्रूप होऊ नये म्हणून त्या बाळाच्या झाकल्या जाणाऱ्या अंगावर मुद्दाम लागण करून घेत. विसाव्या शतकात सोव्हिएत संघ, इस्रायल आणि इराणमध्ये जिवंत परजीवी टोचून हेच झालं. पण काहींचे फोड बरेच होईनात, म्हणून बहुतेक ठिकाणी ते बंद पडलं.

२०२० मध्ये हिरा नखासी, अभय सातोस्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रिस्पर तंत्राने या परजीवीतला ‘सेंट्रिन’ जीन काढून टाकला. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड तोच, फक्त स्वतःची कॉपी काढणारं फंक्शन डिलीट. परजीवी पेशीत शिरतो, पण वाढत नाही. उंदरांना फोड आला नाही, संरक्षण मात्र मिळालं. २०२१ मध्ये हॅमस्टरवर काळा आजाराविरुद्धही ती उपयोगी दिसली.

माणसांवरच्या चाचण्या महाग असतात, आणि या लसीचं गिऱ्हाईक म्हणजे सीरियातले निर्वासित, अफगाण मुलं. बाजार त्यांच्यासाठी धावत येणार नाही.

आपण मात्र इब्न सिनांच्या थोरवीच्या पोस्ट फॉरवर्ड करतो आणि मुलगी बायोटेक घेते म्हटली की विचारतो, ‘स्कोप काय?’ जमातीच्या शिष्यवृत्त्याही बहुतेक एमबीबीएस आणि इंजिनिअरिंगच्या फीपाशी थांबतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात लेशमॅनियावर वर्षानुवर्षं संशोधन झालंय. तिथे पीएचडी करणाऱ्या मुलीच्या घरभाड्याचा वाटा उचलायला आमच्यासारखे पगारदार दहाजण पुरतील.