फोटोसाठी नाण्याला आंघोळ नको

मोबाईलमध्ये बरा कॅमेरा आल्यापासून घरोघरची जुनी नाणी डब्यांतून बाहेर येऊ लागली आहेत. कुणाकडे शिवराई, कुणाकडे राणी छाप रुपया, कुणाकडे १९४३ ते १९४७ या काळातला भोकाचा पैसा. त्यांचे फोटो निघावेत, नातवंडांनी ते पाहावेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण फोटोआधी नाणे चिंचेने घासून लखलखीत करण्याची जी पद्धत पडली आहे, तिला माझा ठाम विरोध आहे.

देवाची उपकरणी घासायची असतात. लक्ष्मीपूजनातला रुपया धुणे हा श्रद्धेचा भाग. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण डब्यातल्या जुन्या नाण्याचे तसे नाही. तांब्यावर शे-दोनशे वर्षांत चढलेला काळसर, तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. हवेशी संयोग होऊन धातूवर धरलेली ती साय आहे आणि आतल्या तांब्याला तीच सांभाळते. चिंचेतले आम्ल ती साय खाते, राख अक्षरांच्या कडा झिजवते. गेलेले पुन्हा येत नाही. जाणकार संग्राहक असे घासलेले नाणे चटकन ओळखतो आणि बाजूला सारतो.

किंमत कमी होते हे तर खरेच, पण मला त्याहून मोठे नुकसान दिसते ते मजकुराचे. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति'. १६७४ च्या राज्याभिषेकापासूनचे हे नाणे पुढे पेशवाईतही पाडले जात होते. सगळे काम हाताचे. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे सगळी अक्षरे एकाच नाण्यावर क्वचितच सापडतात. कुठे 'शिव' आहे तर कुठे 'सिव'. ऱ्हस्व-दीर्घाचेही फरक आहेत. शाळेत ज्या चुकांवर आम्ही लाल शाई ओतली असती, त्याच इथे अभ्यासकाला वाट दाखवतात. एखादा ठिपका, वेलांटीचे वळण यांवरूनच एका ठशाची नाणी दुसऱ्या ठशापासून वेगळी काढता येतात. तेच घासून काढल्यावर फोटो कशाचा काढायचा?

झिजलेले अक्षर उठून दिसावे, हे काम चिंचेचे नाही, उजेडाचे आहे. नाणे खिडकीपाशी ठेवावे. थेट ऊन नको, फ्लॅश तर मुळीच नको. उजेड एका बाजूने, तिरपा यावा. अक्षरांची सावली पडते आणि वाचता न येणारा भागही बोलू लागतो. फोटोत तो उजेड वरच्या बाजूने आलेला दिसावा. खालून आला तर उठावाची अक्षरे डोळ्यांना खोलगट भासतात. समोरच्या बाजूला पांढरा कागद उभा केला की सावली सौम्य होते. दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या चळती रचून त्यांवर मोबाईल आडवा ठेवावा आणि टायमर लावावा, म्हणजे हात हलत नाही. फार जवळ जाऊ नये. मोबाईलचीच सावली पडते. थोडे दुरून काढून मग कडा कापाव्यात. नाणे नेहमी कडेने धरावे.

फोटो दोन्ही बाजूंचे हवेत, शेजारी मोजपट्टी हवी आणि वजन लिहिलेले हवे. राणी छाप चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, वजनात मोठा फरक दिसला की नकली नाण्याची शंका घेता येते. नाणे घरात कुणाकडून आले, हेही दोन ओळींत लिहून ठेवावे.

हे एवढे कशाला, असे कुणी म्हणेल. पण घरातली नाणी कायम घरात राहत नाहीत. वाटण्या होतात, अडचणीच्या वेळी मोड म्हणून सराफाकडे जातात, बदलीच्या सामानात हरवतात. मागे उरतो तो फोटो. चकचकीत नाण्याचा फोटो फक्त आपली हौस सांगेल. काळवंडलेल्या नाण्याचा फोटो, नीट काढला तर, पुढच्या एखाद्या अभ्यासकाला वाचता येईल. म्हणून फोटो जरूर काढा. नाणे मात्र आहे तसे राहू द्या.