आजचा सवाल, बुलढाण्यातून

आज 21 नोव्हेंबर, जागतिक दूरचित्रवाणी दिन. संयुक्त राष्ट्रांनी 1996 मध्ये तो ठरवला. आम्हाला मात्र आदली तारीख आठवते. 20 नोव्हेंबर 2009 रोजी शिवसैनिकांनी आयबीएन-लोकमतच्या मुंबई आणि पुण्यातल्या कार्यालयांत घुसून तोडफोड केली. सचिन तेंडुलकरवर बाळासाहेब ठाकरे बोलले, त्यावर वाहिनी बोलली, एवढेच निमित्त. संपादक होते निखिल वागळे.

वागळ्यांना यात नवे काही नव्हते. 1990 मध्ये ‘आपलं महानगर’ हे सायंदैनिक काढले तेव्हापासून हल्ले पाठीला लागलेले होतेच. 1994 मध्ये एका अग्रलेखापायी विधिमंडळाने हक्कभंग ठरवून त्यांना तुरुंगातही धाडले. एप्रिल 2008 मध्ये वाहिनी सुरू झाली आणि तोच माणूस कॅमेऱ्यासमोर बसला. ‘आजचा सवाल’ या कार्यक्रमात पुढाऱ्याची उलटतपासणी व्हायची, ती मुंबईइतकीच आमच्या चिखली-मेहकरातही दिसायची. वागळे समोरच्याला बोलूच देत नाहीत, अशी तक्रार होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण उत्तर टाळणाऱ्याला तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारणारे तरी तेव्हा किती होते? 2014 मध्ये ती खुर्ची सुटली. टीव्ही नाइनवरचे ‘सडेतोड’ 2017 मध्ये बंद पडले. वाहिनी मालकाची, सवाल मात्र वागळ्यांचा. तो घेऊन ते सभांमधून फिरू लागले. फेब्रुवारी 2024 मध्ये पुण्यात ‘निर्भय बनो’ या मोहिमेच्या सभेला जाताना त्यांची गाडी फोडली, या वेळी भाजपच्या कार्यकर्त्यांनी. हल्लेखोरांचा पक्ष बदलला, इतकाच काय तो फरक.

हे सारे पुण्या-मुंबईतले. आमच्या जिल्ह्याचे काय? 1 जुलै 2023 च्या मध्यरात्री सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ, समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स पेटली. 25 जण गेले. दिवसभर साऱ्या वाहिन्यांवर बुलढाणाच होता. जिल्ह्यातले स्ट्रिंगर बातमीदार बूम माइक घेऊन उभे, एकामागून एक फोनवरचे वृत्तांत सुरू. रस्ता, वेग, झोप, थांबे यांवर कुणीतरी मंत्र्याला धरून बसवायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बहुतेक मृतांवर बुलढाण्यातच सामूहिक अंत्यसंस्कार झाले. त्याच दुपारी मुंबईत राजभवनावर अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. राजकीय पत्रकारितेच्या लेखी ती बातमी मोठीच होती, नाही कसे म्हणावे? पण महामार्गावर माणसे का मरतात, हाही राजकीयच प्रश्न आहे, हे त्या संध्याकाळी कुठल्या स्टुडिओला सुचले असेल तर ते आमच्या पाहण्यात आले नाही. पडद्यावर आमदारांचे आकडे फिरत होते. बुलढाणा खालच्या पट्टीत गेला होता.